सतरा, वीस, सतरा

२८ जुलै, रात्री

आज संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदाच्या तालमीला अकरांपैकी सहाच जण आले. दोघी तापाने पडून आहेत, एकाला ऐन वेळी रात्रपाळी लागली, दोघांचा निरोपही नाही. जे आले त्यांतला आमचा एकुलता एक टेनर, म्हणजे पुरुषांतला उंच आवाज, घसा बसल्यामुळे मागच्या बाकावर बसून नुसती मान हलवत होता. ऑर्गनचे झाकण लावून घरी आले, कॅलेंडरकडे नजर गेली आणि तारीख ध्यानात आली. योहान सेबास्टियन बाख २८ जुलै १७५० रोजी जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये वारला.

जगाने त्याला थोर रचनाकार म्हणून डोक्यावर घेतले असले तरी तालमीची अशी दैना झाली की मला आठवतो तो नोकरदार बाख. २३ ऑगस्ट १७३० रोजी त्याने लाइपझिगच्या नगरपरिषदेला एक निवेदन दिले. चर्चमधले संगीत नीट चालायचे तर काय काय लागते, याचा तो रोकठोक हिशेब आहे. सेंट थॉमस शाळेत राहून शिकणारी मुले एवढीच त्याची फौज आणि तिच्यातूनच शहरातल्या चार चर्चना गायक पुरवायचे. एका गायकवृंदात निदान बारा मुले हवीत, सोळा असली तर उत्तम, कारण कोणी ना कोणी आजारी पडतेच, आणि या दिवसांत तर फारच. खात्री करायची असेल तर शाळेच्या डॉक्टरने औषधवाल्याला लिहिलेल्या चिठ्ठ्या पाहाव्यात, असे त्याने त्यात म्हटले आहे. ज्यांना संगीतातले काही कळत नाही, जेमतेम एखादे भक्तिगीत ओढून नेता येते, अशा उरल्यासुरल्या मुलांची रवानगी सेंट पीटरच्या चर्चला होते, हेही तो लपवत नाही. शेवटी चोपन्न मुलांची त्याने नावानिशी वाटणी केली आहे: सतरा कामाची, वीस अजून तयार व्हायची, सतरा निरुपयोगी.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले आणि लगेच त्या शेवटच्या सतरा मुलांची दया आली. तीनशे वर्षे होत आली, तरी त्यांची नावे त्या कागदावर तशीच आहेत. मात्र अशाच पोरांना हाताशी धरून त्याने तीन वर्षांपूर्वी, १७२७ च्या गुड फ्रायडेला, मत्तयकृत शुभवर्तमानातले दुःखसहन, म्हणजे येशूच्या यातना आणि मरणाची कथा, दोन गायकवृंदांसाठी बांधून गाऊन घेतले होते.

लाइपझिगमध्ये तो चर्चचा ऑर्गनवादक नव्हता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिथे ऑर्गनवर दुसरी माणसे नेमलेली होती. तो होता कांटोर, म्हणजे मुलांना गाणे शिकवणारा, रविवारचे संगीत रचणारा आणि ते पार पाडणारा. नेमणुकीच्या अटींत लॅटिन शिकवणेही होते. त्यासाठी त्याने पदरच्या पैशाने बदली माणूस ठेवला. ऑर्गनवादकाची नोकरी त्याने त्याआधी आर्नश्टाट, म्युलहाउझेन आणि वायमार इथे केली. पैकी आर्नश्टाटचे प्रकरण आमच्या कार्यकारिणीसमोर कधीतरी वाचून दाखवावे असे मला वाटते. १७०५ मध्ये, विशीत असताना, त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि बुक्स्टेहुडे या बुजुर्ग वादकाला ऐकण्यासाठी सुमारे चारशे किलोमीटर पायी चालत ल्यूबेक गाठले. परतला तो जवळजवळ चार महिन्यांनी. जाब विचारला तेव्हा, माझ्या जागी ठेवलेल्या माणसाने तक्रारीला जागा ठेवली नसेल अशी आशा आहे, एवढेच त्याचे उत्तर. त्याच बैठकीत दुसरा ठपकाही आला: गीताची साथ करताना तो चालीत नको तितके चमत्कारिक फेरफार करतो आणि त्यामुळे चर्चमध्ये गाणारी मंडळी गोंधळून जाते. पूर्वी तो फार लांबण लावतो अशी कुरकुर होती. वरिष्ठांनी बोलल्यावर त्याने वाजवणे एकदम आखूड करून टाकले, अशीही नोंद आहे. हा रुसवा ओळखायला जर्मन यावे लागत नाही.

ऑर्गन म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर संगीत नाटकातली पायपेटी येते. आमच्या चर्चमधला ऑर्गनही तसाच, पायांनी भाता मारायचा आणि धातूच्या पट्ट्यांचा. पावसाळ्यात त्याची एक पट्टी चिकटते आणि रेकते. बाखचा ऑर्गन म्हणजे भिंतभर नळ्या, हातांनी वाजवायच्या स्वरांच्या एकावर एक रांगा, पायांनी वाजवायच्या स्वरांची वेगळी रांग, आणि मागे भाते तुडवायला पगारी माणसे. नव्या ऑर्गनची परीक्षा घ्यायला त्याला लांबलांबून बोलावणी येत. त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे की, तो आधी नळ्यांचे संच चालू करणारे सगळे खटके ओढून भरगच्च स्वर दाबायचा. वाद्याची फुप्फुसे चांगली आहेत की नाहीत ते मला पहिल्यांदा कळले पाहिजे, असे गमतीने म्हणायचा, आणि ऑर्गन बांधणाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. मला ही गोष्ट फार आवडते. एकेका स्वराचे कौतुक कोणीही करील. सगळे स्वर एकदम मागितले की वाद्याचा दम कळतो.

लाइपझिगची पहिली काही वर्षे विचारात घेतली की मला माझ्या थकव्याची लाज वाटते. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे शेवटचे रविवार आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ सोडला तर जवळजवळ दर रविवारी आणि सणाला प्रवचनाच्या अलीकडे एक कांटाटा, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचे गायन-वादन. वर्षाला सुमारे साठ. आठवड्यात रचना करायची, विद्यार्थ्यांनी, मुलांनी आणि बायकोने बसून प्रत्येक आवाजाची वेगळी वही उतरवायची, आणि रविवारी सकाळी गायचे. १७२४ च्या जूनपासून तर पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत त्याने ओळीने प्रत्येक कांटाटा मंडळीच्या तोंडात बसलेल्या एकेका जुन्या गीतावर उभारला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे पद आमच्याकडे जसे वही न उघडता म्हटले जाते, तशीच ती गीते त्या लोकांची होती. अनोळखी स्वरांच्या गर्दीतून ओळखीची चाल वर येताना त्या बाकांवर बसलेल्या बाईला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

या सगळ्याचे मोल काय मिळाले, ते निवेदनाच्याच वर्षी, १७३० च्या २८ ऑक्टोबरला, डान्झिगच्या जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे. वर्षाला सातशेएक थालर, म्हणजे तिकडची चांदीची नाणी, मिळतात. मर्तिके जास्त झाली की वरकड वाढते, पण निरोगी वारा सुटला की घटते, आणि गेल्या वर्षी हवा चांगली असल्यामुळे शंभरावर थालरांना मुकलो, असे तो लिहितो. अंत्यविधीच्या गाण्याचे पाकीट मीही घेतले आहे, त्यामुळे हे वाक्य मला कठोर वाटत नाही. त्याच पत्रात पुढे तो सांगतो की, मुले उपजत संगीताची आहेत, बायको गोड गाते, आणि घरच्या घरी अख्खी मैफल उभी राहते.

नगरपरिषदेने मात्र कमाल केली. ८ जून १७४९ रोजी, बाख जिवंत असताना, त्याच्या जागेसाठी दुसऱ्या माणसाची परीक्षा घेऊन ठेवली. बाख त्यानंतर वर्षभराहून अधिक जगला. त्याची विधवा, आना माग्डालेना, दहा वर्षांनी धर्मादायावर जगत वारली. तिने त्या गीतांवरच्या कांटाटांच्या वह्या शाळेच्या स्वाधीन केल्या होत्या, म्हणून त्या टिकल्या. थोरल्या मुलाच्या वाट्याला गेलेल्यांपैकी बऱ्याच कागदांचा पत्ता नाही. बाखच्या मृत्युलेखात कांटाटांचे पाच वर्षांचे संच असल्याचे म्हटले आहे, आज हाती आहेत ते सुमारे दोनशे. मत्तयचे दुःखसहन ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सझोन या संगीतकाराने पुन्हा उभे केले, तेव्हापासून हे नाव जगाचे झाले. पण १२१२ पासून चालत आलेला थॉमस शाळेचा गायकवृंद आजही सेंट थॉमसच्या चर्चमध्ये आठवड्याच्या अखेरीस गातो, आणि मला तोच वारसा जास्त जवळचा वाटतो. मुले मोठी होतात, आवाज फुटतो, नवी येतात. त्यांतही काही तिसऱ्या रकान्यातली असणारच.

रात्री वहीत तीन रकाने आखले आणि आमच्या अकरांची नावे घालायला बसले. पहिल्यात चार गेली, दुसऱ्यात सात. तिसरा रिकामा ठेवून पान उलटले. रविवारी चार आवाजांत म्हणायचे ठरलेले गीत आता तिनांत बसवायला हवे. टेनरची ओळ मी डाव्या हाताने ऑर्गनवर घेईन, फक्त त्या ओळीत चिकटणारी पट्टी तीन वेळा लागते. उद्या सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जायचे आहे, आणि पाळकसाहेबांना सांगायचे आहे की दुसरे कडवे गाळू नका.