जुन्या टेबलमधली कॉलमची रुंदी म्हणजे नियम नव्हे

आमच्या भागात, म्हणजे पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी इकडं, जिनिंगवाले, पतसंस्था, कृषी केंद्र यांच्याकडं अजूनही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवरचे प्रोग्राम आहेत आणि चांगले चालतात, पण ज्या कॉम्प्युटरवर चालतात ते आता मोडकळीला आलेत आणि मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ मध्येच बंद केला. मग फोन येतो, "भाऊ, एवढा डेटा नव्यात टाकून द्या ना." सध्या एका जिनिंगचं काम हातात आहे, दसऱ्यानंतर नवा कापूस गेटवर यायच्या आत उरकायचं आहे, डेटा पोस्टग्रेस या नव्या डेटाबेसमध्ये चाललाय. त्यातलं टेक्स्टच्या कॉलमचं तेवढं लिहून ठेवतो कारण यावर मराठीत काही सापडतच नाही.

कन्व्हर्टर, म्हणजे डेटा आपोआप हलवणारा प्रोग्राम, लावला की तो जुन्यात कॅरेक्टर ३०, म्हणजे ३० रुंदीचा मजकुराचा कॉलम, दिसलं तर नव्यात व्हारकॅर ३० (जास्तीत जास्त ३०) किंवा सरळ कॅर ३० (नेहमी ३० भरून) करून मोकळा होतो. आणि आपण म्हणतो, चला जुन्यासारखंच आहे, झालं. पण थांबा आणि विचारा की हा ३० आला कुठून? शेतकऱ्याचं नाव ३० अक्षरांत बसलं पाहिजे असा कायदा आहे का कुठं? फॉक्सप्रोत कॅरेक्टर कॉलम जास्तीत जास्त २५४ बाइटचा आणि रुंदी ठरलेली, नाव छोटं असलं तरी उरलेली जागा स्पेसनं भरून ठेवणार, म्हणून त्या काळी डिस्क वाचवायला आणि प्रिंटरच्या कागदावर ओळ बसावी म्हणून कोणीतरी ३० टाकलं. बरोबरच केलं त्यानं. पण ती कारणं आता राहिली नाहीत, तर तो आकडा कशाला राहावा?

माझ्याकडच्या टेबलात गावाचा कॉलम इतका आखूड होता की पिंपळगाव बुद्रुक आणि पिंपळगाव खुर्द दोन्ही नुसतं पिंपळगाव होऊन बसले होते. हिवरा आणि हिवरा रीठ, तेच. शेऱ्याचा कॉलम तर अजूनच बारका, त्यात "ओ", "क", "पि" असलं काहीतरी ओळीनं भरलेलं. म्हातारे मुनीमजी आहेत तिथं, त्यांना विचारलं तर म्हणाले, "जागाच नोयती बाप्पा, मंग कोड टाकत जावो. ओ म्हंजे ओला, क म्हंजे कवडी, पि म्हंजे पिवळा माल." ही यादी कुठंच लिहिलेली नाही, फक्त मुनीमजींच्या डोक्यात आहे. म्हणून माझं पक्कं मत, कोणताही टाइप ठरवायच्या आधी तो कॉलम रोज भरणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा, अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

आता पोस्टग्रेसचं. तिथं टेक्स्ट, म्हणजे लांबीची अट नसलेला कॉलम, आणि व्हारकॅर यांच्या स्पीडमध्ये काही फरक नाही, आतून एकच गोष्ट आहे, व्हारकॅर ३० मध्ये फक्त लांबी तपासायचं काम वाढतं. कॅर मात्र स्पेस भरत बसतो, तो नकोच. म्हणून नाव, गाव, शेरा, पत्ता सगळं सरळ टेक्स्ट. जिथं खरोखर नियम आहे तिथं तो चेक कन्स्ट्रेंटमध्ये, म्हणजे डेटाबेसनंच तपासायच्या अटीत, लिहा, उदाहरणार्थ बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड, ११ कॅरेक्टर, पहिली ४ इंग्रजी अक्षरं, पाचवं शून्य, मग ६. नुसतं कॅर ११ केलं तर त्यात कोणी काहीही ११ अक्षरी टाकेल, त्याचा काय उपयोग. खाते नंबर, मोबाइल, पिन कोड हे आकडे दिसले तरी टेक्स्टच, त्यांची बेरीज कोणी करत नाही आणि खाते नंबरच्या पुढची शून्यं उडाली तर चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, अडकतो. गट नंबर तर ४५/२अ असाही असतो, त्याला इंटिजर, म्हणजे नुसता पूर्णांक, करणाऱ्याला हात जोडतो.

दुसऱ्या डेटाबेसवर, म्हणजे मायएसक्यूएलवर असाल तर अक्षरं बाइटमध्ये साठवायची तिथली यूटीएफ८ ही पद्धत घेऊ नका, यूटीएफ८एमबी४ घ्या, देवनागरी दोन्हीत बसते पण पहिल्यात ४ बाइटची चिन्हं बसत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरवर एनव्हारकॅर घ्या, साध्या व्हारकॅरमध्ये मराठी टाकलं की सहसा प्रश्नचिन्हांची रांग मिळते. आणि ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ ची लांबी, वेगळं सांगितलं नाही तर, बाइटमध्ये मोजली जाते, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ३० च्या कॉलमात १० चिन्हं. चंद्रपूर आपण ४ अक्षरं मोजतो, पण अनुस्वार, हलन्त, उकार धरून ती ८ चिन्हं होतात, २४ बाइट. एका गावाच्या नावात कॉलम संपत आला!

सगळ्यात जास्त वेळ मात्र नावांनी घेतला. जुना डेटा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना आज दिलेल्या ठरलेल्या नंबरांत, नव्हताच, त्या काळच्या फॉन्टमध्ये होता, आणि त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. त्यामुळं जिथं नाव रुंदीवर कापलं गेलं तिथं शेवटी नुसती वेलांटी लोंबते आणि तिचं व्यंजन गायब. युनिकोड केल्यावर ती टिंबांच्या गोलावर बसलेली दिसते. अशा ओळी आधी शोधून वेगळ्या काढा, कारण तिथं माणसाचं नाव नक्की तुटलेलं आहे.

मग वऱ्हाडे. आमच्याकडं हे आडनाव भेटणारच. ह्यातला ऱ्ह तीन तऱ्हेनं टाइप होतो: एकसंध ऱ घेऊन, किंवा र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह घालून. स्क्रीनवर तिन्ही एकसारखे, पण डेटाबेसला तीन वेगळी माणसं. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, त्यानं एनएफसी, म्हणजे सुटे भाग जोडून एकच चिन्ह, केलं की पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही, तो आपल्याला हातानं बदलून घ्यावा लागतो. आणि मागं उरलेल्या स्पेस आरट्रिम फंक्शननं आधी कापा, नाहीतर टेक्स्टमध्ये "वणी" आणि मागं स्पेस असलेलं "वणी" ही दोन गावं होतात. यादी लावताना मराठीचं आयसीयू कोलेशन, म्हणजे मराठी वर्णक्रमाचा नियम, द्या, नुसत्या कोड नंबरनं लावलं तर ळ हा ल च्या शेजारी जाऊन बसतो, ह च्या नंतर येत नाही.

एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी करतो. जुन्या नावाचे मूळ बाइट जसेच्या तसे एका बाइटए, म्हणजे कच्चे बाइट ठेवणाऱ्या, कॉलमात ठेवतो, शेजारी युनिकोड केलेलं नाव टेक्स्टमध्ये, आणि तिसरा कॉलम, तपासलं का. कापलेली नावं प्रोग्रामनं अंदाजे पूर्ण करायची नाहीत, अजिबात नाही, ते त्या शेतकऱ्याचं नाव आहे आणि त्यावर त्याचा चुकारा निघतो. जिनिंगच्या मालकांशी बोलून ठरवलंय की यंदा गाडी काट्यावर लागली आणि नावापुढं तपासलं नाही असं दिसलं की पावती फाडायच्या आधी आधार आणि सातबारा पाहून पूर्ण नाव, मौजा, सगळं भरून घ्यायचं, आणि ते भरायला मुनीमजीच बसणार आहेत.