लेदर रंगावर नका लावू, जाडीवर लावा

मे संपत आला की मला एकाच टाईपचे मेसेज यायला लागतात. घरातल्याच एका खोलीत लेदरचं काम करतो, पाऊस यायच्या आत माल नीट लावायचाय, रॅक कुठला घेऊ? रॅक कुठलाही घ्या हो. स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा चालतो, पुस्तकांचं जुनं शेल्फ चालतं. बघायचं एवढंच की मालाला हवा लागतेय का आणि हवा तो तुकडा पटकन हाताला येतोय का. मी डोंबिवलीत दहा बाय बाराच्या खोलीत वॉलेट, पट्टे, बॅगा बनवतो, त्यामुळे खालचं सगळं आपल्या किनाऱ्याकडच्या दमट हवेसाठी आहे, सोलापूर-नागपूरवाल्यांनी पावसाचा भाग निम्म्यावर आणला तरी चालेल.

आधी लावायचं कसं ते. इन्स्टावर जी वर्कशॉप दिसतात तिथे गुंडाळ्या रंगावर लावलेल्या असतात, साडीच्या दुकानासारख्या, टॅन, मग ब्राऊन, मग काळा. फोटोला भारी. पण काम करताना आपण आधी जाडी शोधतो, रंग नंतर. वॉलेटला बाहेरून 1 ते 1.2 मिमी लागतं, आतल्या कप्प्यांना 0.6 ते 0.8, बॅगेला 1.8-2 आणि पट्ट्याला 3.5 च्या आसपास. हे सगळं काळं असलं म्हणून एका खणात टाकलं की दर वेळी जाडी मोजायचा कॅलिपर घेऊन पाच गुंडाळ्या उलगडत बसायचं. म्हणून खण जाडीप्रमाणे, आणि त्यातही व्हेज-टॅन वेगळं, क्रोम वेगळं.

हे वेगळं का, तर दोघांचे स्वभावच वेगळे. व्हेज-टॅन म्हणजे झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं, आपल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात तेच. क्रोम म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. व्हेज-टॅनला उजेड लागला की ते गडद होतं, आणि सगळीकडून सारखं होत नाही, वर कुणी स्टीलची पट्टी विसरलं तर खिडकीजवळ थोड्याच दिवसांत पट्टीच्या आकाराचा फिका चट्टा तयार. दुसरं म्हणजे लोखंड. ओलसर व्हेज-टॅन गंजलेल्या अँगलला टेकलं की निळसर काळा डाग पडतो, कारण टॅनिन आणि लोखंड मिळून चक्क शाई बनते. कलमकारीवाले हिरडा लावलेल्या कापडावर लोखंडाच्या पाण्याने काळा रंग काढतात तो हाच प्रकार. तिथे कला, आपल्याकडे नुकसान. लिंबाच्या रसाने डाग फिका होतो पण सगळा जाईलच असं नाही, त्यापेक्षा रॅकवर प्लायची फळी टाका आणि फळीवर ब्राऊन पेपर किंवा जुनी सुती चादर. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

गुंडाळायच्या नळ्या विकत आणू नका. कापडाच्या दुकानात थान संपलं की आतली पुठ्ठ्याची नळी उरते, मागितली की बरेचदा फुकट मिळते. गुंडाळताना गुळगुळीत बाजू बाहेर, आत ठेवलीत तर तिला सुरकुत्या पडतात आणि त्या मग कंडिशनर चोपडला तरी पूर्ण जात नाहीत. घडी तर घालूच नका, दुकानदाराने घडी करून दिलं असेल तर घरी आल्या आल्या उलगडा. पट्ट्याचं जाड लेदर गुंडाळायच्या भानगडीत न पडता टेबलाखाली सपाट ठेवायचं. लटकवायचं असेल तर जाड पाईपवर मधोमध टाकून, एका कोपऱ्याला क्लिप लावून लटकवलं की तो कोपरा ओढला जाऊन नाकासारखा बाहेर येतो.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या वर असते आणि 65-70 च्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. तेल पाजलेल्या व्हेज-टॅनवर ती लवकर धरते, क्रोमवर त्या मानाने कमी. लोक घाबरून लेदर प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टी लावतात, आतली ओल आतच राहते आणि पिशवी उघडली की पांढरी भुकटी. आईसुद्धा मला दर वर्षी सांगते, अरे पिशवीत घालून डांबर गोळ्या टाक. गोळ्यांनी किडे लांब राहतील, बुरशीचं काही बिघडत नाही, आणि तो वास वॉलेटला बसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं.

त्यापेक्षा रॅक बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, पावसात ती भिंत ओल धरते. सर्वात खालचा खण जमिनीपासून वर. कपाटच असेल तर त्यात झिरोचा बल्ब लावा, पण जुना फिलामेंटचा, एलईडी नाही, कारण आपल्याला उजेड नकोय, ऊब हवीय. सिलिका जेलच्या पुड्या लेदरच्या कपाटाला पुरत नाहीत, जुलैत दोन दिवसांत पिऊन गप्प बसतात. आणि आठवड्यातून एकदा ऊन नसलं तरी पंखा लावून गुंडाळ्या सैल करायच्या. बुरशी दिसलीच तर गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, खोलीत नाही, नाहीतर बाकीच्या मालावर उडते. मग सावलीत वाळवा.

तुकड्यांचं मात्र कुणी नीट सांगत नाही आणि जागा खरी तेच खातात. चौरस फुटावर पैसे मोजलेले असतात त्यामुळे टाकवत नाही, बरोबर? मी कार्ड होल्डरचा पुठ्ठ्याचा साचा डब्यालाच बांधून ठेवलाय. तुकड्यावर साचा बसला तर एका डब्यात, बसला नाही पण लांब पट्टी असेल तर दुसऱ्या डब्यात, किचेनला आणि चेनच्या पुलरला. दोन्हीत नाही बसला तर टाकायचा. धारावीत असे तुकडे किलोवर मिळतात, मग आपण नखाएवढं कशाला सांभाळायचं. पोटाकडचा भाग मात्र नवा असतानाच कापून बाजूला काढा आणि त्यावर तसं लिहा, तो ताणला जातो, चुकून बॅगेच्या बंदाला लागला तर महिन्याभरात बंद गुडघ्याला येईल.

लिहायचं मागच्या बाजूला, चंदेरी पेनाने: जाडी, किती फूट उरलं, कधी आणलं. एका बॅगेचं अंग आणि बंद एकाच कातड्यातून काढायचे असतील तर ती दोन्ही एकत्रच ठेवा, दुकानात तोच शेड पुन्हा मागितला तर तोच मिळेल याची खात्री नसते. प्रत्येक नव्या कातड्याचा दोन इंची तुकडा कापून, भोक पाडून एका कडीत ओवलाय, गिऱ्हाईक आलं की ती कडी हातात द्यायची. त्यामुळे रॅक उघडून सगळा माल पसरावा लागत नाही.

आणि हो, चिकटवायच्या सोल्युशनचे डबे या रॅकवर नकोत. पेटणारा माल आहे तो, आणि शेजारी आपण बल्ब लावलाय. माझे गॅलरीत लोखंडी पेटीत असतात, झाकण घट्ट लावून.