खरं सांग, मावशी

शनिवार, रात्री उशिरा

वॉशिंग्टनहून, ओटाकॉन या ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशनच्या) चाहत्यांच्या संमेलनातून आत्ता घरी पोचले. पायांचे तुकडे पडलेत, पण झोपायच्या आधी हे लिहून ठेवते.

मैत्रिणीच्या लेकीनं यंदा तिथल्या एएमव्ही (ॲनिमे म्युझिक व्हिडिओ) स्पर्धेसाठी व्हिडिओ पाठवला होता. ॲनिमेतली दृश्यं कापून ती गाण्यावर बसवायची, तो प्रकार. अंतिम फेरीत आला नाही. दुपारी कॉरिडॉरमध्ये जमिनीवरच फतकल मारून तिनं लॅपटॉप उघडला. "मावशी, खरं सांग. आई नुसतं छान छान करते."

एकदा न थांबवता पाहिला. मग वही काढली. जुनी चौकोनी मालिका रुंद पडद्यावर ताणलेली, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे सुजल्यासारखे. खाली पिवळी सबटायटल्स तशीच. सत्तेचाळिसाव्या सेकंदाला गाण्यात नुसतं गिटार वाजतंय आणि नायिका मात्र तोंड हलवतेय. ॲनिमेत बोलणं बहुतेकदा ओठांच्या दोन-तीन चित्रांत उरकलेलं असतं, त्यामुळे मिटलेल्या तोंडाची फ्रेम शोधून तीच धरून ठेवली की काम होतं. हे सगळं मी भराभर सांगून टाकलं. असल्या चुका सांगताना शब्द जपायची गरज नसते; एका संध्याकाळीत दुरुस्त होतात.

खरी अडचण मधल्या भागात होती. तिथे प्रत्येक ठोक्यावर कट. ठेका अचूक धरलेला, मेहनत दिसते. पण माझं लक्ष उडालं. "इथे तुला काय दाखवायचं होतं?" विचारलं. म्हणाली, "ती बहिणीची वाट बघतेय." मला तर नुसती धावाधाव दिसली होती, तेवढंच मी सांगितलं. ती थोडा वेळ टाइमलाइन मागे-पुढे करत बसली. मग स्वतःच म्हणाली, "स्टेशनवरचा शॉट मी फार लवकर कापलाय ना?"

तो कुठे आणि किती वाढवायचा, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

या छंदाची सुरुवात संगणकाच्या फार आधीची. १९७५ मध्ये कँडी फाँग यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांना गाण्याच्या साथीनं स्लाइड्स दाखवल्या होत्या. पुढे बायका घरी दोन व्हीसीआर जोडून असे व्हिडिओ करू लागल्या. टेपवर मधला एक शॉट लांबवायचा तर पुढचं सगळं परत करावं लागे. त्यामुळे कुणी टीका केली तरी ती पुढच्या व्हिडिओच्या उपयोगाची. शिकागोला २००२ ते २०१८ भरणाऱ्या व्हिव्हिडकॉन या असे व्हिडिओ करणाऱ्यांच्या संमेलनात नव्या व्हिडिओंवर उघड चर्चा व्हायची, करणारी व्यक्ती त्याच खोलीत बसलेली असताना. आता फाइल समोर उघडीच असते, म्हणून बघणाऱ्याचे हात शिवशिवतात. "हे उचल, तिकडे टाक, इथे फेड दे." हा सल्ला नव्हे, दुसऱ्याच्या माउसवर हात ठेवणं झालं.

स्पर्धेच्या परीक्षकांची गोष्ट वेगळी. पुण्यात २०२२ मध्ये एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नव्हता. केवढा गदारोळ झाला! मला तो निर्णय पटला होता. परीक्षक नेमलेले होते, निकाल देणं हे त्यांचं कामच. कॉरिडॉरमध्ये मला कुणी नेमलं नव्हतं. प्रेक्षक म्हणून कुठे गुंतले आणि कुठे सुटले, एवढं मात्र माझ्याइतकं नेमकं तिला दुसरं कुणी सांगू शकलं नसतं.

गुंतले ते कुठे, हेही सांगितलं: छत्री उघडते तिथे ढोल सुरू होतो. ते तिनं मुद्दाम जुळवलेलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून ती खट्टू होती.

शेवटचा गोठलेला शॉट मात्र बदलणार नाही म्हणाली. मला तो अजूनही चार सेकंद जास्तच वाटतो.