उत्सर्जन परवाना कोणाच्या मालकीचा?

कार्बन उत्सर्जन व्यापाराची चर्चा बहुतेक वेळा परवान्याच्या दराभोवती फिरते. मला त्याआधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याची मुभा देणारा आणि बाजारात खुलेपणाने विकला जाणारा हा परवाना कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता आहे, की सरकारने दिलेली आणि सरकार परत घेऊ शकेल अशी परवानगी?

अमेरिकेने १९९० साली स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती करून सल्फर डायऑक्साइडचे परवाने आणले, तेव्हा हा मालमत्तेचा हक्क नव्हे, असे कलमातच लिहून टाकले. उद्या प्रदूषणाची मर्यादा आणखी खाली आणली, तर मालमत्ता हिरावल्याची भरपाई मागत कोणी न्यायालयात येऊ नये, हा त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. युरोपीय संघाने कार्बन उत्सर्जन व्यापारासाठी २००३ चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधून घेणारा कायदा, काढताना मात्र परवान्याचे कायदेशीर स्वरूप ठरवलेच नाही आणि २००५ मध्ये बाजार सुरू झाल्यावर प्रत्येक सदस्य देश आपापल्या कायद्यानुसार त्याचा अर्थ लावत राहिला.

त्याचे परिणाम चोऱ्या होऊ लागल्यावर दिसले. जानेवारी २०१० मध्ये आर्मस्ट्राँग या जर्मन कंपनीच्या खात्यातून २१,००० परवाने फसवणुकीने काढून घेतले गेले आणि ते विनिंग्टन नावाच्या ब्रिटिश कंपनीकडे पोहोचले. चोरीचा माल मूळ मालकाला परत मिळतो, पण मुळात हा माल आहे का? लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये परवाना ही अमूर्त मालमत्ता असल्याचे मान्य करून आर्मस्ट्राँगच्या बाजूने निकाल दिला. दरम्यान जानेवारी २०११ मध्ये अशाच चोऱ्यांमुळे युरोपीय आयोगाला परवान्यांची खाती ठेवणाऱ्या सर्व देशांच्या नोंदवह्यांमधील व्यवहार काही काळ थांबवावे लागले होते, कारण आपण विकत घेतलेला परवाना चोरीचा तर नाही ना, याची खात्री कोणालाच उरली नव्हती. अखेर २०१३ च्या नियमांनी सद्भावनेने, म्हणजे चोरीची कल्पना नसताना, खरेदी करणाऱ्याला निर्दोष हक्क मिळेल, म्हणजे त्या परवान्यांवरचा त्याचा हक्क चोरीमुळे सदोष ठरणार नाही, असे ठरवले. त्यामुळे बाजार सुरक्षित झाला, पण ज्याचे परवाने चोरीला गेले त्याची बाजू दुबळी झाली, आणि ही किंमत त्याच्यावर टाकताना नोंदवहीच्या सुरक्षेची जबाबदारीही तितक्याच स्पष्टपणे कोणावर तरी टाकायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

जितके उत्सर्जन केले तितके परवाने कंपनीने दरवर्षी ठरलेल्या मुदतीत सरकारकडे जमा करायचे असतात. या कर्तव्याच्या बाजूला अशी संदिग्धता कधीच नव्हती. बिलेरुड या स्वीडिश समूहातील कंपन्यांनी २००६ च्या उत्सर्जनापोटी पुरेसे परवाने खात्यावर असूनही ते ३० एप्रिल २००७ पर्यंत जमा केले नाहीत. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये टनामागे ४० युरोंचा दंड कायम ठेवला आणि राष्ट्रीय न्यायालयांना तो कमी करण्याची मुभा नाही, असेही सांगितले. पुढे हा दंड १०० युरो झाला, आणि तो भरूनही परवाने द्यावेच लागतात.

माझ्या मते येथे दोन वेगळे संबंध एकाच व्याख्येत कोंबले जातात. चोर किंवा अन्य खासगी व्यक्तीविरुद्ध परवाना मालमत्ता मानला जावा. मर्यादा खाली आणणाऱ्या सरकारविरुद्ध मात्र तो मालमत्ता मानला जाऊ नये. नव्याने असा बाजार उभा करणाऱ्या कोणत्याही देशाने या दोन्ही गोष्टी मूळ कायद्यातच लिहाव्यात, आणि कंपनी दिवाळखोरीत गेल्यास तिच्या खात्यावरील परवाने आधी उत्सर्जनापोटी जमा होतील की धनकोंची देणी भागवण्यासाठी विकले जातील, हेही त्याच वेळी ठरवावे.