शिकागोतली कैदी पाणबुडी

शिकागोला गेलं की सगळे बीन (तो शेंगेच्या दाण्यासारखा चकचकीत पुतळा) बघा, विलिस टॉवर चढा असं सांगतात, पण माझं ऐकाल तर सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम चुकवू नका. तिथं जमिनीखालच्या हॉलमध्ये यू-५०५ ही दुसऱ्या महायुद्धातली अख्खी जर्मन पाणबुडी ठेवलीय, ७६ मीटर लांब, समोर आली की अंगावरच येते.

हिला पकडलं अमेरिकन नौदलाच्या यूएसएस ग्वाडलकॅनालनं. ही एस्कॉर्ट कॅरिअर, म्हणजे छोटी विमानवाहू नौका, कायझर या अमेरिकन उद्योगपतीच्या जहाज कारखान्यात अशा ५० नौका साधारण वर्षभरात धडाधड बांधून काढल्या, वेग जेमतेम १९ नॉट. सप्टेंबर १९४३ ला नौदलात आली, कॅप्टन डॅन गॅलरी, शिकागोचाच गडी. जानेवारी १९४४ मध्ये तिच्या विमानांनी यू-५४४ बुडवली, एप्रिलमध्ये लागोपाठ दोन दिवसांत तिच्या ताफ्यानं यू-५१५ आणि यू-६८. तेव्हा गॅलरीच्या डोक्यात आलं की पुढची बुडवायची नाही, जिवंत धरायची!

४ जून १९४४, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर. सोबतच्या शॅटलेन या युद्धनौकेनं डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकून हिला वर आणलं, जर्मन लोकांनी पाणी आत घ्यायची सोय करून उड्या मारल्या, सुकाणू अडकलेलं त्यामुळे पाणबुडी रिकामीच गोल गोल फिरतेय, आणि ताफ्यातल्याच पिल्सबरी नौकेवरचा लेफ्टनंट अल्बर्ट डेव्हिड आपली माणसं घेऊन त्या बुडत्या डब्यात उतरला, आत स्फोटकं लावलीत का याचा पत्ता नाही. झेनॉन लुकोश नावाच्या खलाशानं आत येणारं पाणी बंद केलं म्हणून ती वाचली. जर्मनांचं गुप्त संदेशांचं एनिग्मा मशीन, कोडबुकं सगळं हाती लागलं. मग ग्वाडलकॅनालनं तिला दोर बांधून ओढत नेलं, तेही मागे हे धूड असताना डेकवर विमानं उतरवत, पुढे टगनं (जहाजं ओढणाऱ्या बोटीनं) ओढून बर्म्युडाला पोचवलं. जर्मनांनी कोड बदलू नयेत म्हणून सगळं गुपित, ५८ कैदी लुईझियानाच्या छावणीत.

आत टूरला गेलो तर टॉर्पेडोच्या डोक्यावरच झोपायच्या फळ्या, एवढ्याशा जागेत ती पोरं महिनोन् महिने कशी राहिली असतील कोण जाणे. मला खरं खटकलं ते वेगळंच. ग्वाडलकॅनाल १९४६ ला सेवेतून काढली, १९५९ मध्ये भंगारात विकली, जपानमध्ये तोडली. पकडणारीचा पत्रा गेला वितळून, आणि पकडलेलीला एसी हॉल अन् लोकांच्या रांगा, हा कुठला न्याय राव?

असो, आतल्या टूरचं तिकीट वेगळं असतं, आधीच ऑनलाईन काढा, आणि उंच असाल तर डोकं सांभाळा, दारं गोल आणि बुटकी आहेत.