टी-शर्टची साईज

शनिवार, रात्री साडेअकरा

आज परत एचआरच्या बेनचा फोन. ग्रीन कमिटी तू सांभाळ म्हणे, तुला आवड आहे ना. मी म्हटलं बघते.

मुळात झालं असं की २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या वडोद्यातली विश्वामित्री नदी चढली, आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी, शेजारच्या सोसायटीत मगर, आणि अशात ऑफिसचा मेसेज की लॅपटॉप वर ठेवलाय ना, तेव्हा डोकंच फिरलं आणि आम्ही सहा जणांनी मिळून एक मेल टाकला. क्रांतीबिंती काही नाही हो. जनरेटरला महिन्याला डिझेल किती जातं, एसी १८ वर का, गच्चीवर सोलर का नाही, आणि आपण कुणाकुणाच्या प्लान्टची ड्रॉइंगं करतो त्याची एक यादी द्या, एवढंच. उत्तर नाही आलं, पण यादीचं वाचून टीम लीडला केबिनमध्ये बोलावणं मात्र आलं. आणि पुढच्याच्या पुढच्या रविवारी वृक्षारोपण! हिरवे टी-शर्ट, बॅनर, ढोकळा, प्रत्येक रोपाला लॅमिनेट केलेली नावाची पाटी. माझा कडुलिंब मे महिन्यात वाळला. पाटी आहे अजून, नाव लांबूनही वाचता येतं.

मग मी मोठ्या कंपन्यांचं वाचत बसले. अ‍ॅमेझॉनमध्ये २०१९ ला आठ हजारांवर कर्मचाऱ्यांनी हवामानासाठी ठोस काही करा अशा पत्रावर सह्या केल्या, शेअरहोल्डरांच्या मीटिंगमध्ये तसा ठराव पडला, तरी त्यांनी २० सप्टेंबरला काम टाकून बाहेर पडायचं ठरवलं, आणि बेझोसनं बरोब्बर आदल्या दिवशी जाहीर केलं, २०४० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढू, वर एक लाख इलेक्ट्रिक व्हॅनची ऑर्डर. म्हणजे दाबलं की हलतात! पण त्याच लोकांतल्या पुढे पुढे बोलणाऱ्या दोघींना एप्रिल २०२० मध्ये घरी पाठवलं, कंपनीचे नियम मोडले म्हणून. तिथल्या कामगार बोर्डानं त्या दोघींच्या तक्रारीत तथ्य आहे म्हटल्यावर २०२१ मध्ये कंपनीनं तडजोड करून बुडालेला पगार भरून दिला. मायक्रोसॉफ्टनं २०३० पर्यंत कार्बन निगेटिव्ह होऊ, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन काढून घेऊ, म्हणून सांगितलं होतं, आणि २०२४ च्या त्यांच्याच रिपोर्टात उत्सर्जन २०२० पेक्षा २९ टक्के वाढलेलं, डेटा सेंटरांमुळे. आपला कडुलिंब निदान खोटं तरी बोलला नाही.

बाबांना सगळं सांगितलं. ते एका केमिकल कारखान्यात होते, युनियनमध्ये. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आम्ही मागणीपत्र दिलं की साहेब आधी चहा पाजायचा, मग दिवाळीला सगळ्यांना घड्याळ, आणि जो जास्त बोलायचा त्याला सुपरवायझर करायचा." ते घड्याळ आमच्या स्वयंपाकघरात आहे, फ्रिजच्या वर, गेली कितीतरी वर्षं दहा मिनिटं मागे. आई त्याच्यावरच कुकर लावते.

बाबा, तुम्ही झालात का सुपरवायझर, असं विचारलं तर पान उलटलं त्यांनी.

मंगळवार

बेनला हो कळवलं. एकच अट घातली, कमिटीला जनरेटरची डिझेलची बिलं बघायला मिळाली पाहिजेत, गेल्या दोन वर्षांची. मेल चार वेळा लिहिला, 'पाहिजेत' काढून 'मिळाल्यास बरं होईल' केलं, परत 'पाहिजेत' केलं आणि पाठवला.

शुक्रवार

उत्तर आलं. कमिटीचे नवीन टी-शर्ट छापायला टाकतायत, साईज कुठली, एम की एल.