इंदूरहून उदयनगरला

इंदूरला निघालेल्या मराठी माणसाची यादी ठरलेली असते. राजवाडा, लालबाग, सराफ्यातली रात्र, छप्पन दुकान, सवड असली तर ओंकारेश्वर. उदयनगरचं नाव त्या यादीत कधी नसतं. देवास जिल्ह्यातलं, बागली तालुक्यातलं, घाटापलीकडचं गाव. मला मात्र तिथंच जायचं होतं.

25 फेब्रुवारी 1995 च्या सकाळी तिथल्या आदिवासी वस्त्यांत काम करणाऱ्या कॅथलिक सिस्टर राणी मारिया उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. इंदूरहून भोपाळ आणि पुढे केरळ, पुल्लुवळी या माहेरच्या गावी, असा त्यांचा बेत होता. वय 41. घाटात, भरलेल्या बसमध्ये, सगळ्यांच्या देखत एका तरुणानं त्यांना भोसकलं, खाली ओढलं आणि पुन्हा भोसकलं. अंगावर 54 जखमा निघाल्या. त्या तरुणाचं नाव समंदर सिंह. त्याला जन्मठेप झाली. पुढच्या अकरा-बारा वर्षांत राणी मारियांचं कुटुंब आणि हा माणूस यांच्यात जे घडलं, ते मी गेली कितीतरी वर्षं मनात घेऊन फिरते आहे.

मी नगरची, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली. क्षमेवरची प्रवचनं आमच्या कानांवर लहानपणापासून पडलेली. 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि तिमथी, यांना गाडीत जाळलं तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना माफ केलं. आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी मोठी माणसं रडली होती. पण प्रवचनात क्षमा एका वाक्यात उरकते. ‘त्यांनी माफ केलं’ म्हणायचं, की लगेच पुढचं गीत. मला ते वाक्य सावकाश, त्या रस्त्यावरून जाऊन समजून घ्यायचं होतं.

इंदूरला माझी मावशी असते, सुदामानगरात. लग्न होऊन आली त्याला आता जन्म लोटला. तिची मराठी चांगलीच इंदुरी झालीय. ‘पहिले पोहे खाऊन घे, मग निघू’ हे तिचं पहिलं वाक्य. जिरावण भुरभुरलेले पोहे, वर शेव, बाजूला जलेबी. शेजारी सगळी मराठी घरं, गणपतीत मावशीकडं मोदकांचा डबा हमखास येतो आणि नाताळात तिच्याकडून करंज्या जातात. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर कार्डिनल अँजेलो अमातो यांनी राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, त्या सोहळ्याला ही बाई प्रोटेस्टंट असूनही शेजारणीला घेऊन गेली होती. त्यामुळे मी उदयनगरचं नाव काढल्यावर ‘कशाला?’ हा प्रश्नच आला नाही. मावसभावानं गाडी काढली आणि मावशी पुढच्या सीटवर बसली सुद्धा.

तीन इमली चौकातून नेमावर रोड धरायचा. देवगुराडियाची टेकडी मागे पडते, शहर विरळ होतं आणि माळव्याची काळी जमीन सुरू होते. गहू पिवळा पडायला लागला होता, काही वावरांत हरभरा काढून झाला होता. कंपेल लागलं. इंदूर मोठं व्हायच्या आधी परगण्याचं ठाणं इथं होतं, हे आज कुणाला सांगून पटणार नाही. कंपेलनंतर रस्ता बदलतो. साग, खडक, वळणं, आणि त्या दिवसांत सगळीकडं फुललेला पळस. पान एकही नाही, नुसती फुलं.

मावसभावानं एका वळणावर वेग कमी केला आणि म्हणाला, “ताई, हाच तो पट्टा. नाचनबोरचा डोंगर.”

आम्ही उतरलो. रस्त्याकडेला दगड, पालापाचोळा, खाली ओढ्याची कोरडी रेघ. इंदूरकडून एक बस आली, कंडक्टर दारात लोंबकळत होता, टपावर सायकली आणि पोती. ती वळणावर इतकी हळू झाली की आतल्या बायांचे चेहरे दिसले. त्या दिवशीच्या हकिकतींत एक गोष्ट येते. समंदर सिंहानं वाटेत बस थांबवायला लावली, खाली उतरून दगडावर नारळ फोडला आणि प्रवाशांना खोबरं वाटलं. मग सुरा काढला. खोबरं हातात घेतलेली ती माणसं जागची हलली नाहीत. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही मला ठाऊक नाही. मावशी तिथं उभ्या उभ्या प्रार्थना करत होती. मी केली नाही. मला तो रस्ता नुसता बघायचा होता.

हा खून का झाला, हे समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. राणी मारिया 1992 मध्ये उदयनगरला आल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर म्हणून. त्याआधी बिजनौर आणि ओडगडीला त्यांनी काम केलं होतं. उदयनगरच्या आसपास भिल, भिलाला, कोरकू वस्त्या. पेरणीच्या तोंडाशी बियाण्याला पैसा लागतो, तो सावकाराकडून येतो, आणि पीक निघालं की व्याजासकट त्याच्याच घरी जातं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. कर्ज फिटू नये अशीच ती रचना असते, कारण कर्जात अडकलेला माणूस मजुरीलाही येतो आणि मतालाही. राणी मारियांनी बायांचे गट बांधले, बँकेचं कर्ज कसं मिळतं ते शिकवलं, सरकारी योजनांचे कागद भरून घेतले, खोट्या प्रकरणांत अडकवलेल्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. बँकेची पायरी चढलेला शेतकरी सावकाराच्या ओसरीवर पुन्हा जात नाही. गावातली सत्ता सरकायला लागली होती. म्हणून या खुनाला मी राजकीय हत्या म्हणते. ‘धर्मांतर करतात’ हा आरोप वर घातलेलं पांघरूण होतं. शिक्षा एकट्या समंदर सिंहाला झाली. सुरा त्याच्या हातात होता.

तुरुंगात गेलेला माणूस आपोआप सुधारतो, असं काही नसतं. समंदर सिंहानं स्वतः मुलाखतींतून सांगितलंय: आत असताना बायको सोडून गेली, मुलगा वारला, आणि ज्यांनी आपल्याला पुढं केलं त्यांचा सूड घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं. म्हणजे दुसऱ्या खुनाची तयारी मनात चाललेली होती.

तिथं त्याला भेटायला जाऊ लागले स्वामी सदानंद. कॅथलिक धर्मगुरू, पण साधूच्या वेशात राहणारे. ते जात राहिले, बोलत राहिले. मग 2002 मध्ये रक्षाबंधनाच्या वेळी राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या सेंट्रल जेलमध्ये गेली आणि त्यानं पुढं केलेल्या मनगटावर राखी बांधली. खून होऊन सात वर्षं झाली होती. हा सात वर्षांचा काळ प्रवचनात कधी येत नाही, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कुणी त्या बहिणीला 1995 मध्येच ‘आता माफ करून टाक’ म्हणून गळ घातली असती, तर ती क्षमा झाली नसती, जबरदस्ती झाली असती. आपल्याकडं मार खाल्लेल्यालाच क्षमेचे धडे आधी दिले जातात. नवऱ्यानं मारलेल्या बाईला देतात, दंगलीत घर जळालेल्याला देतात. मला याची चीड आहे आणि ती मी लपवणार नाही.

2003 च्या फेब्रुवारीत राणी मारियांची आई एलिस्वा केरळहून आली. पुल्लुवळी ते इंदूर, वयस्कर बाई, आगगाडीचा तो सगळा प्रवास. तुरुंगात तिनं समंदर सिंहाचे हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. त्या हातांना तिच्या मुलीचं रक्त लागलं होतं. पुढं कुटुंबानं आणि सिस्टरांच्या संघानं त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले, आणि ऑगस्ट 2006 मध्ये तो सुटला. 2007 च्या जानेवारीत तो स्वतः पुल्लुवळीला गेला, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी, पैलींपाशी.

कोण कुणाकडं गेलं, एवढं नीट बघा. आधी धर्मगुरू गेले, मग बहीण, मग आई. सगळ्यांत शेवटी तो निघाला. आधी गेले ते ज्यांचं गेलं होतं ते.

उदयनगरच्या चर्चमध्ये राणी मारियांची समाधी आहे. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात चपला काढून काही बाया आत जात होत्या. डोक्यावर पदर, हातात झेंडूची माळ, एकीच्या कडेवर पेंगुळलेलं पोर. त्यातली एक वयस्कर बाई समाधीच्या दगडावर तळहात सपाट ठेवून बराच वेळ उभी होती, डोळे उघडे, ओठ हलत होते. मग तिनं पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली, पेटीत टाकली आणि पोराचा हात धरून त्याच दगडाला लावला. त्या ख्रिस्ती होत्या का, मी विचारलं नाही. मध्य प्रदेशात धर्मांतरावर 1968 पासून कायदा आहे, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला. अशा ठिकाणी अनोळखी माणसानं कुणाला त्याचा धर्म विचारू नये.

तिथल्या बाकावर बसून मी समंदर सिंहाचाच विचार करत होते. तो सुटल्यापासून या समाधीवर येत राहिलाय. राणी मारियांच्या घरच्यांनी त्याला भाऊ म्हटलं, मुलगा म्हटलं, आणि त्याबद्दल त्याच्याकडून काही मागितलं नाही. बाप्तिस्मा घे, अशी अट कुणी घातली नाही. आमच्या नगरकडं शुभवर्तमान सांगणं म्हणजे बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून गाणी म्हणणं, पत्रकं वाटणं. माझ्या आजोबांनी ते आयुष्यभर केलं आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण ज्यानं आपलं माणूस मारलं, त्याच्यापुढं पत्रक धरता येत नाही. त्याला येशूविषयी काही कळायचं असेल तर एलिस्वाच्या ओठांचा स्पर्श त्याच्या हाताला झाल्यावरच कळेल. वधस्तंभावरून प्रभू ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ असं बोलला ते हेच होतं, आणि खाली उभ्या शिपायांना त्यानं आधी कुठली अट घातली नव्हती. मी हे मनापासून मानते: शत्रूला विश्वास द्यायचा तर आधी त्याला नातं द्यावं लागतं, आणि तो विश्वास त्यानं घेतला नाही तरी नातं परत मागता येत नाही.

मावशीला हे सगळं पटलं, पण पूर्ण नाही. परतीच्या वाटेवर, घाट चढून वर आल्यावर ती एकदम म्हणाली, “माफ घरच्यांनी केलं, चांगलं केलं. पण ज्यांच्यासाठी ती मेली त्या वस्तीतल्या बाया? त्यांची माणूस गेली, त्यांना कुणी विचारलं?”

मावसभाऊ म्हणाला, “मम्मी, त्यांना कोण विचारणार?”

“तेच म्हणून राहिले मी.”

मला उत्तर देता आलं नाही, आणि अजूनही नाही. सेल्मी पॉलनं जी क्षमा केली ती बहीण म्हणून केली, तेवढीच तिच्या हातात होती. वस्त्यांवरच्या लोकांच्या वतीनं ती काही सोडू शकत नव्हती, आणि तिनं तसा आवही आणला नाही. संघाच्या सिस्टर उदयनगर सोडून गेल्या नाहीत, काम चालू राहिलं. त्या लोकांना मिळालेलं उत्तर असेल तर ते एवढंच. सावकाराच्या ओसरीपेक्षा बँकेची पायरी जवळची राहिली की नाही, यावरून ते मोजायला हवं. राखी कितीही खरी असली तरी ते मोजमाप ती करू शकत नाही.

देवगुराडिया जवळ आलं तसं मावशीनं तिच्या चर्चची गोष्ट काढली. त्यांच्या महिला मंडळाच्या बाया नाताळात तुरुंगात गाणी म्हणायला जायच्या. गाणी झाली, केक वाटला, की गाडीत बसून घरी. “एकाचंही नाव आम्ही कधी विचारलं नाही ग,” ती म्हणाली. मग पर्समधून चष्मा काढला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि गाडीतूनच पाळक साहेबांना फोन लावला. राखीला आत जाऊन भेटायचं असेल तर परवानगी कुणाकडून काढायची, अर्जावर मंडळाची सही चालते का, आणि ज्याला कुणीच भेटायला येत नाही अशा कैद्याचं नाव आधी मिळू शकतं का, हे ती त्यांना एकामागून एक विचारत होती.